मांजराचं माप

छाती अकरा इंच, गळा साडेसात.
उंची विचारू नका,
गिऱ्हाईक एका जागी उभं राहत नाही.
सव्वीस वर्षं ब्लाउज शिवलेत मी शहापुरात,
नवरीचे, बाळंतिणीचे,
खरं टेप बघून नख्या काढणारी
ही पहिलीच.

"नाव?" वही उघडून सवयीनं विचारलं.
"कुंदा," फेल्सिता मिस म्हणाल्या.
रंग बघून ठेवलेलं.
कढईच्या बुडाला जरा जास्त आटला की
होतो तसा.
बाकी तिघं कॅम्पातल्या घरी,
त्यांची मापं मिसनी सुतळीला गाठी मारून आणलेली.

भाचीची पोरं येणार मंगळूरहून.
एकतीस तारखेला हॅलोविन करायचाय,
मांजरांना वटवाघळाचे पंख हवेत.
"भुतं आमच्यात अमावास्येला," मी म्हटलं.
"आमच्यात दोन तारखेला.
त्यांना मेणबत्त्या लावतो, कबरीवर.
हा पोरांचा सण गे, टीव्हीतून आलेला."
आणि मिसनी वर्तमानपत्रातून कापलेला पंख
टेबलावर पसरला.

काळं पॉपलीन आणायला गेले.
ऑक्टोबर संपताना चन्नबसप्पांकडे
तीनच ताग्यांना उसंत नसते:
तांबडा, पिवळा आणि काळा.
पहिले दोन झेंड्यांना,
तिसरा दंडावर बांधायला.
तारीख एकच, कात्री एकच,
गिऱ्हाइकं तेवढी एकमेकांकडे बघत नाहीत.

"सव्वा मीटर काळं."
त्यांनी मान वर न करता मोजलं.
"या साली जास्त लागायलंय?"
"मांजराला."
कात्री थांबली.
"बेक्किगे?"
"हं, बेक्किगे. पंख."

असे हसले, की अस्तराच्या ताग्यावर झोपलेला
त्यांचा बोका
एक डोळा उघडून बघायला लागला.
वरून चिंध्यांची पिशवी दिली, फुकट,
तिन्ही रंगांची, पायानं एकत्र लोटलेली.

तुळशीच्या लग्नानंतरचे तीन ब्लाउज
बाजूला सरकवले.
पंखांत कॉलरचा कॅनव्हास,
हूक नको, टोचेल, म्हणून वेल्क्रो.
मग चिंध्यांचे उंदीर:
पोटात कातरण आणि चिमूटभर सुकट,
शेपटीला परकराची नाडी.
एक निघाला पाठीला काळा, पोटाला पिवळा,
कान तांबडे.
ठरवून नाही.
मी चिंधीचा रंग बघत नाही,
पुरते का बघते.

एक तारखेला शटर अर्धं.
कोपऱ्यावर पोलिसांची गाडी.
माझा रोहिदास काळी फीत बांधून गेला,
समोरचा मल्लेश झेंडा लावून मोटारसायकलवर.
शाळेत दोघं एका बाकावर होते,
एकमेकांची शिसपेन्सिल चावायचे.
मी पायडलवर पाय ठेवून बसले,
शिवायला काही घेतलं नव्हतं.

दुपारी मिसचा फोन.
तिघांनी पंख सहा मिनिटांत काढले,
एकानं तर त्यावर ओकून ठेवलं.
कुंदा मात्र सोडत नाही,
काल रात्रीपासून तशीच, पंखांसकट
कंपाउंडच्या भिंतीवर.
खालून फितीवाले गेले, मग झेंडेवाले,
तिनं कुणासाठी मिशी हलवली नाही.
बंदोबस्ताच्या शिपायानं फोटो काढला,
बायकोला पाठवला म्हणे.
"आणि उंदीर?"
"तो तांबड्या कानांचा माझ्या उशीवर आहे.
ओला चिंब.
दर तासाला आणून देते मला,
मी काही शिकले नाही असं वाटतं तिला."

संध्याकाळी शटरखाली दोन चपला.
चन्नबसप्पा वाकून आत आले, काखेत बोका,
मागं वळून गल्ली बघितली,
मग हळूच,
"अक्का, नम्म बेक्किगे ओंदु?"

कुठला रंग, मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितला नाही.
"घट्ट धरा," म्हटलं, टेप काढला,
वहीत नवीन पान:
छाती पंधरा.
दिवसभर गादीवर बसून खाणाऱ्याची असते,
तशी.